पैसे भरण्याआधी एकदा जाऊन या

नळदुर्ग, अणदूर, जळकोट, इटकळ आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना कळकळीचे आवाहन

परीक्षा आटोपत आल्या आहेत. बसस्थानकाच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या फाटकावर आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर सध्या एकच गोष्ट दिसते : उन्हाळी शिबिर. कुठे व्यक्तिमत्त्व विकास, कुठे कमांडो प्रशिक्षण, कुठे बालसंस्कार, कुठे घोडेस्वारी आणि रायफल शूटिंग. सोलापूरपासून पुणे-साताऱ्यापर्यंतची पत्रके आपल्या गावात येऊन पडतात. त्यातले एक पत्रक समोर ठेवून मी हे लिहीत आहे. वर दोरीला लोंबकळणारा सैनिक, शेजारी उधळलेला घोडा, खाली लाल अक्षरांत ‘शेवटच्या काही जागा शिल्लक’. पत्रक उलटसुलट करून पाहिले. दोन मोबाइल नंबर आहेत, पैसे पाठवायचा क्यूआर कोड आहे. शिबिर नेमके कुठे भरणार तो पत्ता नाही. मुलांना कोण शिकवणार, त्यांचे एकही नाव नाही.

माझी विनंती एवढीच आहे. मूल जिथे राहणार ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि त्याच्याजवळ रात्री जो माणूस असेल त्याच्याशी समोरासमोर बोलल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. भरून बसला असाल, तरी मूल सोडायच्या दिवसाची वाट न पाहता त्याआधी एकदा जाऊन या. एका दिवसाची मजुरी बुडेल, दुकान अर्धा दिवस बंद ठेवावे लागेल, एसटीचे भाडे लागेल. ते लागू द्या.

आपण बाजारात बैल घ्यायला गेलो तर त्याचे दात बघतो, चालवून बघतो, खोड काढतो का ते विचारतो, आणि ज्याच्याकडून घेतो त्याचे गाव-घर माहीत करून घेतो. लेकरू मात्र फोटो बघून परक्याच्या हवाली करतो. यात आई-बापांची माया कमी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. उलट मायेपोटीच हे होते. घरात राहिला की दिवसभर मोबाइलमध्ये डोके, उन्हात गेला की लू लागायची भीती, दोघेही कामावर गेल्यावर घरी बघायला कोणी नाही. त्यात शेजारच्याचा मुलगा गेल्या वर्षी जाऊन आला, मग आपला मागे राहायला नको. ही ओढाताण मला माहीत आहे. पण याच ओढाताणीवर काही लोकांचा धंदा उभा आहे आणि ‘शेवटच्या काही जागा’ हे शब्द तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच छापलेले असतात.

घाबरवायचा हेतू नाही, पण जे घडले आहे ते सांगायलाच हवे.

२०१८ च्या एप्रिल महिन्यात चेन्नईच्या एका शाळेची मुले उन्हाळी शिबिरासाठी पुणे जिल्ह्यात मुळशी परिसरात आली होती. धरणाच्या पाण्यात उतरलेली तीन मुले बुडाली. जेमतेम तेरा वर्षांची पोरे. आई-वडिलांनी त्यांना हजार किलोमीटरवर पाठवले ते कुणाच्या तरी भरवशावर, आणि पाण्याच्या काठावर तो भरवसा उपयोगी पडला नाही. २०२४ च्या १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेटच नव्हते. ही सहल होती, शिबिर नव्हते, हे खरे. पण बोटीत बसणाऱ्या मुलाला त्याने काय फरक पडतो?

तिसरी घटना पाण्याची नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत ‘एनसीसी शिबिर’ भरले. शिबिर खोटे होते. ते भरवणाऱ्यांचा एनसीसीशी काहीही संबंध नव्हता. शाळेने त्यांची चौकशी केली नाही, मुलींना रात्री सभागृहात झोपवले, आणि तिथे आठवीतल्या एका मुलीवर अत्याचार झाला. पुढे आणखी मुलींनी तोंड उघडले. पोलिसांनी आयोजकाला तर पकडलेच, पण प्रकार कळूनही तो दाबून ठेवल्याबद्दल शाळेच्या जबाबदार माणसांनाही अटक केली. गणवेश, शिट्टी आणि कडक आवाज एवढ्यावर एक अख्खी शाळा फसली, तर आपण पत्रकावर फसणे किती सोपे आहे बघा. एनसीसीचे खरे शिबिर तिच्या बटालियनमार्फतच होते. बाहेरचा कोणी ते नाव वापरत असेल तर शाळेतल्या एनसीसी अधिकाऱ्याला विचारले की पाच मिनिटांत खरे-खोटे कळते.

आता चौथी गोष्ट, जी लिहिताना मला जड जाते, कारण ती आपल्या श्रद्धेच्या जागेची आहे. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात गावोगाव वारकरी बालसंस्कार शिबिरे भरतात. पखवाज, गायन, हरिपाठ, पावली. ही शिबिरे अनेक ठिकाणी अत्यंत निष्ठेने, नाममात्र पैशांत किंवा फुकट चालतात आणि गरिबाच्या मुलाला त्यातून आयुष्यभराची कला मिळते. पण २०२५ च्या सुरुवातीला आळंदीतल्या काही अनधिकृत निवासी संस्थांमधून मुलांच्या शोषणाच्या तक्रारी पुढे आल्या. राज्य महिला आयोगाने लक्ष घातले आणि प्रशासनाला अशा संस्थांची तपासणी हाती घ्यावी लागली. ज्या महाराजांची संस्था स्वच्छ आहे त्यांना तुमच्या प्रश्नांचा राग येणार नाही. ते तुम्हाला स्वतः फिरून खोल्या दाखवतील. आणि ‘माउलींच्या दारात असले काय विचारता’ असे म्हणून कोणी तुम्हाला गप्प बसवायला लागला, तर मुलाचा हात धरून परत या.

तर जाऊन बघायचे म्हणजे काय बघायचे?

एकदा शेजाऱ्यांबरोबर मी असेच एक निवासी शिबिर बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. मंगल कार्यालय भाड्याने घेतलेले होते. व्यासपीठावर बॅनर उत्तम, ध्वनिक्षेपक उत्तम. संयोजक आम्हाला कार्यालयाच्या खोलीत बसवून मोबाइलवर गेल्या वर्षीचे व्हिडिओ दाखवायला लागले. शेजारीणबाई मात्र पाणी प्यायचे निमित्त करून उठल्या आणि मागे गेल्या. परत आल्या त्या गप्पच. बाहेर पडल्यावर त्यांनी सांगितले : मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. सुतळी बांधली आहे. आणि स्वयंपाक चालतो तिथून त्या दारापर्यंत आचारी, वाढपी, गाडीवाले सगळ्यांची ये-जा आहे. त्या बाईंनी आपल्या मुलीचे नाव तिथे घातले नाही. व्हिडिओत ती सुतळी दिसली नसती.

म्हणून सांगतो, समोरच्या दाराने जा, पण मागच्या दारापर्यंत बघा. संडास-न्हाणी बघा, किती मुलांमागे किती आहेत ते मोजा. पाण्याची टाकी उघडून बघा, झाकण आहे का, आत शेवाळ आहे का. मुले झोपणार ती खोली बघा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पन्नास मुले झोपणार असतील तर रात्री बारापर्यंत तो पत्रा खाली आग ओकत असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जमिनीवर अंथरूण असेल तर भिंतीच्या कडा, दगड-विटांचे ढीग, पडीक खोली किती जवळ आहे ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे विंचू-सापांचा वावर असतो. सर्पदंशावरचे इंजेक्शन असलेले सरकारी रुग्णालय किती लांब आहे आणि रात्री दोन वाजता मुलाला तिथे नेणारी गाडी कोणती, हे विचारा. उत्तर देताना संयोजक अडखळला तर त्याने त्याचा विचारच केलेला नाही, असे समजा.

आणि रात्री मुलांजवळ कोण झोपते? हा प्रश्न लाज न बाळगता विचारा. मुलींच्या खोलीत वयस्क, जबाबदार बाई हवी. एकच मोठा माणूस आणि एकच मूल बंद खोलीत कधी राहणार नाही, हा नियम आहे का ते विचारा. स्वयंपाकी, चौकीदार, गाडीचा चालक यांची पोलीस पडताळणी झाली आहे का ते विचारा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, त्यामुळे ‘एवढ्यात कुठून आणायचा’ हे कारण चालणार नाही.

उन्हाचे तर आपल्यालाच जास्त कळते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात मैदानावर कवायत, धावणे, ‘स्टॅमिना’ वाढवणे असा कार्यक्रम कुठल्याही वेळापत्रकात असेल तर ते शिबिर नको. मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात त्याला तहानेचे भान राहत नाही. पाणी मागणे म्हणजे कमकुवतपणा, असे शिकवणारे काही प्रशिक्षक आहेत. त्यांच्यापासून मुलांना लांब ठेवा. उन्हात खेळणारे मूल चक्कर येऊन पडले, ओकायला लागले, असंबद्ध बरळायला लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायला, ओल्या कापडाने पुसायला, वारा घालायला लगेच सुरुवात करायची असते आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा असतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचे नाही. शिबिरातल्या दादा-ताईंना हे येते का, एवढे विचारून बघा.

शिक्षेबद्दलही विचाराच. ‘आमच्याकडे लष्करी शिस्त आहे’ हे ऐकून पुष्कळ बापांना बरे वाटते. पोरगं वठणीवर येईल, असे वाटते. पण खऱ्या लष्करात माणूस अठरा वर्षांच्या आसपास, वैद्यकीय तपासणी होऊन जातो. आठ-दहा वर्षांच्या लेकराला कोपरावर रांगायला लावणे, तापलेल्या फरशीवर उभे करणे, सगळ्यांसमोर त्याला हिणवणे यात कसली शिस्त? शाळेत मुलांना शारीरिक आणि मानसिक शिक्षा करायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मूल सांभाळायला घेतलेल्या माणसाने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. शिबिराच्या नावाखाली ते माफ होत नाही.

साहसी खेळांचे नियमही आता आहेत. दोरीवरून उतरणे, झिपलाइन, कडा चढणे, पाण्यातले खेळ असे काही शिबिरात असेल तर राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. दोर कधी घेतला, हेल्मेट मुलाच्या मापाचे आहे का, शिकवणाऱ्याने प्रशिक्षण कुठून घेतले, हे विचारायला आपण गिर्यारोहक असायची गरज नाही.

पाण्याबद्दल आपल्या गावाला वेगळे बोलावे लागेल. बोरी नदी आपल्या किल्ल्याला वळसा घालून जाते. वर कुरनूरचे धरण आहे. पंचक्रोशीत विहिरी आणि शेततळी आहेत. सुट्टीत आपली मुले पाण्याकडे ओढली जातात आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून ती बातमी येतेच. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मुलांना पोहायला शिकवा, जरूर शिकवा. पण जुन्या माणसांनी विहिरीत शिकवले ते कसे, आठवा. पाठीला डबा किंवा भोपळा बांधलेला, कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या काकाच्या हातात, आणि काकाचे डोळे त्या एकाच पोरावर. शिबिरात तीस मुले पाण्यात आणि काठावर एकटे सर मोबाइल बघत उभे, असे असेल तर त्याला पोहणे शिकवणे म्हणत नाहीत. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक लहान गटामागे पट्टीचा पोहणारा हवा आणि त्याला दुसरे काम नको.

एवढे सगळे वाचून ‘मग पाठवूच नको का’ असे कोणी विचारेल. नाही, पाठवा. चांगल्या शिबिराने मूल केवढे बदलते हे आपल्या मातीला माहीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचा कोणीही विसरलेला नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, आणि किल्लारी-सास्तूरच्या भागात घरांच्या दगडमातीखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या भूकंपात पोरकी झालेली मुले सांभाळण्यासाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने आपल्या नळदुर्गजवळच ‘आपलं घर’ उभे केले. ज्ञान प्रबोधिनीने त्याच भूकंपानंतर लोहारा तालुक्यात हराळीला काम उभारले, तिथे शाळा आणि शेती एकत्र चालते. मुलांना सांभाळणे म्हणजे काय, याचे धडे घ्यायला आपल्याला पुण्या-मुंबईला जायला नको. अशा जागा जाऊन बघा. तिथली मुले स्वतःचे ताट धुतात, झाडांना पाणी घालतात, आल्यागेल्याशी न बुजता बोलतात. एकदा ते डोळ्यांनी पाहिले की दुसरीकडचे शिबिर जोखायला आपल्याकडे माप तयार होते.

सेवा दलाची नव्याने बांधणी झाली १९४१ साली, एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली. तेव्हापासून महाराष्ट्रात शिबिर या गोष्टीला एक वळण मिळाले : श्रमदान, समूहगीत, खेळ, चर्चा, आणि सगळ्या जातींच्या मुलांची एक पंगत. संघटना आणि विचार वेगवेगळे असतील, पण जुन्या चांगल्या शिबिरांची घडण साधारण अशीच होती, आणि त्याला पैसा फार थोडा लागत असे. साहेबांच्या देशातही वेगळे नव्हते. बेडन-पॉवेलने १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर जे पहिले शिबिर घेतले, ज्यातून पुढे बालवीर चळवळ उभी राहिली, त्यात मुले होती जेमतेम वीस. त्यांच्या चार तुकड्या केल्या होत्या. आणि त्याने मुद्दाम बड्या शाळांतली मुले आणि कामकरी घरांतली मुले एकत्र आणली होती. आज दोन-दोनशे मुलांची शिबिरे भरवणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. ज्या शिबिरात तिसऱ्या दिवशीही दादाला तुमच्या मुलाचे नाव माहीत नसते, तिथे तुमचे मूल आजारी पडले, रडले, हरवले, तर कोणाला कळणार?

आता माझी खरी मागणी सांगतो, आणि ती केवळ पालकांकडे नाही. यंदा आपण नळदुर्गात आपलेच एक शिबिर का घेऊ नये? निवासी नको. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, दुपारी मुले आपापल्या घरी जेवायला आणि झोपायला. आपल्याकडे काय नाही? निवृत्त शिक्षक आहेत, निवृत्त जवान आहेत, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आहेत. कुंभार, सुतार, शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत. परिचारिका आहेत, आशा ताई आहेत. आणि किल्ला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांनी पाणी महालावरून खाली कोसळते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वी हे कसे केले असेल? पाण्याचा दाब म्हणजे काय, सांडवा म्हणजे काय, बेसॉल्टचे दगड असे कसे बसवले, हे आपल्या सातवीच्या पोरांना त्या भिंतीसमोर उभे करून एखाद्या अभियंत्याने समजावले तर ते वर्षभर विज्ञानाचे पुस्तक हातातून ठेवणार नाहीत. बाहेरगावचे लोक पैसे खर्चून हा किल्ला बघायला येतात. आपल्यातली किती मुले उपळ्या बुरुजावर मोठ्या माणसाचा हात धरून, धोका कुठे आहे हे समजून चढली आहेत?

अशा शिबिरात आणखी एक गोष्ट होईल, जी पत्रकांतल्या शिबिरात कधी होणार नाही. उन्हाळ्यात आपल्या भागातली ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांवरून परत आलेली असतात. त्यांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटली ती सुटलीच. पाचटाच्या खोपीतून आलेल्या त्या पोरांना ही पत्रके कोणी देत नाही. त्यांच्या आई-बापांना ती फी पेलणारी नाही. गावातल्या शिबिराची दारे त्यांना उघडी राहिली तर जूनमध्ये शाळेत परतताना त्यांचे वाचन-लेखन थोडे तरी रुळलेले असेल, आणि आपल्या मुलांना कळेल की झाडावर चढणे, चूल पेटवणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे यात ती पोरे त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत.

शाळांच्या मुख्याध्यापकांना, शाळा व्यवस्थापन समित्यांना, नगरपरिषदेला मी हात जोडून विनंती करतो. सुट्टीत शाळेच्या दोन खोल्या, मैदान आणि पिण्याचे पाणी द्या. पैशांपेक्षा याचीच गरज आहे. आणि कुठलेही खासगी शिबिर तुमच्या शाळेतून पत्रके वाटू मागत असेल, तुमच्या आवारात भरू मागत असेल, तर आधी त्याची पूर्ण चौकशी करा. शाळेच्या फाटकावर लागलेल्या पत्रकाला पालक शाळेची शिफारस समजतात.

आता पुन्हा आई-वडिलांकडे. शिबिर ठरवताना मुलाला विचारा. त्याला जायचे आहे का, कशाची भीती वाटते, कोणत्या मित्राबरोबर गेला तर बरे वाटेल. सात-आठ वर्षांच्या मुलाला निवासी शिबिराला पाठवायची घाई करू नका, आधी एखाद्या रात्रीपुरते मावशीकडे, मामाकडे राहून बघू द्या. तुमचा मोबाइल नंबर त्याला पाठ हवा, वहीत लिहिलेला नको, तोंडपाठ. ज्या शिबिरात ‘पाच दिवस मुलांना फोन नाही, आई-वडिलांनी यायचे नाही’ असा नियम आहे, तिथे पाठवू नका. मुलाने मोबाइल न्यायचा नाही, हे ठीक आहे. पण त्याला वाटेल तेव्हा संयोजकांच्या फोनवरून घरी बोलता आले पाहिजे आणि आधी न कळवताही तुम्हाला जाऊन त्याला भेटता आले पाहिजे.

आणि निघायच्या आदल्या रात्री त्याला जवळ घेऊन एक गोष्ट स्पष्ट सांगा. कोणीही, कितीही मोठा माणूस असो, नको तिथे हात लावला, कपडे काढायला सांगितले, ‘हे घरी सांगायचे नाही’ म्हणाला, तर ओरडायचे, पळायचे आणि फोन करायचा. तू काही चुकीचे केले असे आम्ही कधीच म्हणणार नाही. रात्री दोन वाजता फोन केलास तरी आम्ही न्यायला येऊ. हे शब्द मुलाने तुमच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजेत, आणि मुलग्यांनाही ते तितकेच सांगायचे आहेत. मुलग्यांना काही होत नाही, हा समज आपल्याकडे फार खोल आहे आणि त्यामुळे कितीतरी मुलगे मुकाट सोसतात.

परत आल्यावर त्याला बोलू द्या. ‘काय काय शिकलास, म्हणून दाखव’ असे पाहुण्यांसमोर उभे करण्याआधी शांतपणे त्याचे ऐका. नेहमीचे बडबडे मूल गप्प झाले, रात्री दचकून उठायला लागले, अंथरूण ओले करायला लागले, शिबिरातल्या एखाद्याचे नाव निघताच विषय टाळायला लागले, तर त्याला रागावू नका. काही वावगे कळले तर ‘गावात नाव खराब होईल’ या विचाराने गप्प बसू नका. पोक्सो कायद्यात पीडित मुलाची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे, आणि ज्याला असा प्रकार कळतो त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत. तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२. हे दोन्ही आणि रुग्णवाहिकेचा १०८ असे तीन नंबर आजच घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.

ज्यांनी एखाद्या शिबिराची नोंदणी केली आहे त्यांनी या आठवड्यातच जाऊन यावे. एकट्याने जाणे जमत नसेल तर एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून एक जीप करावी, आणि त्यात निदान दोन बायका असाव्यात. बघून आलेल्यांनी जे दिसले ते, चांगले असो की वाईट, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहावे. पैसे भरल्याची पावती संस्थेच्या नावाची, नोंदणी क्रमांकाची मागून घ्यावी. जागा पसंत पडली नाही तर भरलेले पैसे परत मागावेत, आणि नाही मिळाले तरी मूल पाठवू नये. गावातल्या शिबिरासाठी ज्यांना रोजचे दोन तास देता येतील, त्यांनी आपले नाव आणि काय शिकवता येईल ते आपल्या मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे सुट्टी लागण्याआधी लिहून द्यावे.